‘मग तो आजवर पुरला कसा?’ : दीर्घिकांतील तारानिर्मिती आणि तिचा विराम

आपल्या निवासी शाळेत राहून गेलेल्या प्रत्येकाच्या आठवणीत एक आकाश असते. सायंकाळची वंदना झालेली असते, जेवण उरकून ताटे घासून झालेली असतात आणि रात्रीच्या अभ्यासाची घंटा व्हायला थोडा अवकाश असतो. तेवढ्या वेळात मुले पटांगणात येतात. गावापासून दूर असल्यामुळे आपल्या शाळेला जे काही सोसावे लागले, त्याच्या बदल्यात एक गोष्ट भरपूर मिळाली, ती म्हणजे काळोख. शहरांत स्थिरावलेले आमचे माजी विद्यार्थी मुक्कामाला येतात, तेव्हा रात्री पटांगणात पाऊल टाकताच आधी मान वर करतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

गेल्या हिवाळ्यातील अशाच एका रात्री आम्ही विज्ञानाचे शिक्षक आठवीच्या वर्गाला छोट्या दुर्बिणीतून मृग नक्षत्रातील तेजोमेघ दाखवीत होतो. मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे ओळखून त्यांच्या किंचित दक्षिणेस पाहिले, की तो धुरकट ठिपका सापडतो. तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे त्या रात्री मुलांच्या डोळ्यांत शिरलेला प्रकाश सातव्या शतकात, चिनी भिक्षू इत्सिंग ज्या शतकात नालंदा येथे अध्ययन करीत होता त्या शतकात, तेथून निघाला होता. त्या ढगात आजही नवे तारे जन्माला येत आहेत, असे आम्ही सांगितले.

तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, तारे जन्मायचे कधी थांबतात का?”

आम्ही म्हणालो, “थांबतात. वायू हा ताऱ्यांचा कच्चा माल. तो संपला की थांबतात.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पण सर, आपली आकाशगंगा तेरा अब्ज वर्षांची आहे, असे तुम्हीच शिकवले. मग तो आजवर पुरला कसा?”

तेवढ्यात अभ्यासाची घंटा झाली आणि, खरे सांगायचे तर, तिने आम्हांला वाचवले. त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आमच्याजवळ नव्हते. नंतरच्या महिन्यांत आम्ही जे वाचले आणि समजून घेतले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या विद्यार्थ्यापुढे, तसेच आपणां सर्व माजी विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवीत आहोत.

कोठीचा हिशेब

आपल्या स्वयंपाकघरामागील धान्याची कोठी वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाने पाहिली आहे. समजा, एखादा नवखा पाहुणा तेथे आला, त्याने पोती मोजली, रोज किती धान्य शिजते ते विचारले आणि भागाकार केला. उत्तर आले, साठ दिवस. पण शाळा तर कित्येक वर्षे चालू आहे. पाहुणा विचारी असेल तर तो एकच निष्कर्ष काढील, की या कोठीत बाहेरून धान्य येत राहते. आतल्या साठ्यावर ही शाळा चाललेली नाही.

आकाशगंगेचा हिशेब असाच आहे. आपल्या आकाशगंगेत दरवर्षी सुमारे एक ते दोन सूर्यांच्या वजनाइतक्या वायूचे तारे बनतात. तारा बनण्यासाठी वायू अतिशय थंड आणि दाट असावा लागतो. शून्याखाली सुमारे २६० अंश सेल्सिअस इतक्या थंडीत हायड्रोजनचे अणू जोडीजोडीने रेणू होऊन राहतात, तेव्हाच ढगाचा एखादा भाग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आत कोसळू शकतो. वायू उष्ण असेल तर त्याचा दाब गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. असा थंड, रेणुरूप वायू आपल्या आकाशगंगेत सुमारे एक अब्ज सूर्यांच्या वजनाइतका आहे. भागाकार केला तर हा साठा एक अब्ज वर्षेही पुरणारा नाही. विरळ, अणुरूप हायड्रोजन हिशेबात धरला तर आणखी काही अब्ज वर्षे मिळतात. तरीही तेरा अब्ज वर्षांचा मेळ बसत नाही.

याचा अर्थ, आमच्या विद्यार्थ्याची शंका रास्त होती. आकाशगंगा आतल्या साठ्यावर जगलेली नाही. दीर्घिकांच्या बाहेर, त्यांच्या भोवतालच्या अफाट पोकळीत विरळ वायू पसरलेला आहे. तो गुरुत्वाकर्षणाने ओढला जाऊन हळूहळू आत येत असतो. जे तारे आयुष्याच्या शेवटी स्फोट पावतात, तेही काही वायू दीर्घिकेबाहेर फेकतात आणि त्यांतला काही कालांतराने परत येतो. गेल स्मिथ या संशोधक विद्यार्थिनीला १९६३ साली सापडलेला एक वायूचा ढग आज तिच्याच नावाने ओळखला जातो. हा ‘स्मिथ ढग’ आपल्या आकाशगंगेच्या चकतीकडे वेगाने येत असून सुमारे तीन कोटी वर्षांनी तिच्यावर आदळेल. त्यात गंधक आढळल्यामुळे तो मुळात याच चकतीतून बाहेर गेलेला असावा, असे आता मानले जाते. आपल्याच कोठीतून गेलेले धान्य आपल्याकडे परत येत आहे, असे म्हणता येईल.

म्हणून मूळ प्रश्न थोडा बदलून विचारावा लागतो. साठा केव्हा संपतो, यापेक्षा बाहेरची आवक केव्हा व कशाने तुटते, हे शोधणे महत्त्वाचे ठरते.

पटावरून ओळख

त्याआधी, एखाद्या दीर्घिकेत तारे जन्मायचे थांबले आहेत हे कोट्यवधी प्रकाशवर्षे दुरून कसे ओळखतात, ते पाहू.

एखाद्या शाळेचा पट हाती घ्यावा. त्यात आठवी, नववी, दहावीचे विद्यार्थी आहेत, पण सातवीखाली एकही नाव नाही. शाळेत न जाताही आपण सांगू शकतो, की येथे सात वर्षांपूर्वी पहिलीचे प्रवेश बंद झाले. ताऱ्यांच्या बाबतीत पटाचे काम रंग करतो. सूर्याच्या वीसपट वजनाचा तारा निळसर, प्रखर असतो, पण तो आपले इंधन उधळून टाकतो आणि सुमारे एक कोटी वर्षांत संपतो. सूर्यासारखा तारा दहा अब्ज वर्षे टिकतो. सूर्याहून लहान, तांबडे तारे त्याहूनही कितीतरी अधिक काळ मंद तेवत राहतात. त्यामुळे ज्या दीर्घिकेत निळे तारे दिसतात, तेथे ताऱ्यांचा जन्म अलीकडेपर्यंत चालू आहे हे निश्चित होते. जिच्यात केवळ पिवळे-तांबडे तारे उरले आहेत, तेथे तो कधीच थांबला आहे.

दीर्घिकेच्या प्रकाशाचा वर्णपट काढला तर थांबण्याची वेळही अंदाजता येते. काही दीर्घिकांत अतिशय अल्पायुषी निळे तारे नसतात, पण सुमारे एक अब्ज वर्षे जगणारे पांढरे तारे मात्र भरपूर असतात. त्यांच्यातील तारानिर्मिती एक अब्ज वर्षांच्या आत, तीही बऱ्यापैकी अचानक, थांबली असली पाहिजे. अॅलन ड्रेसलर आणि जेम्स गन यांनी १९८३ साली अशा दीर्घिकांकडे लक्ष वेधले.

हजारो दीर्घिकांची अशी मोजदाद झाली, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. दीर्घिकांचे दोन मोठे गट पडतात. एकीकडे निळसर, बहुधा सर्पिलाकार, तारे घडवणाऱ्या दीर्घिका आणि दुसरीकडे तांबूस, बहुधा लंबगोल, थांबलेल्या दीर्घिका. मधल्या रंगाच्या दीर्घिका तुलनेने थोड्या आहेत. या मधल्या पट्ट्याला खगोलशास्त्रज्ञ ‘हिरवी दरी’ म्हणतात. आपली आकाशगंगाही याच दरीच्या काठावर असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

विश्वाची सुगी आणि खोडदची दुर्बीण

विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे आहे. दूरच्या दीर्घिका पाहणे म्हणजे जुन्या काळात पाहणे. त्यामुळे वेगवेगळ्या अंतरांवरील दीर्घिकांचा अभ्यास करून विश्वाच्या प्रत्येक वयात किती तारे जन्मत होते, हे सांगता येते. हा हिशेब सांगतो, की ताऱ्यांची सुगी सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी होती. त्यानंतर वेग उतरत गेला आणि आज तो त्या काळच्या सुमारे एक दशांशावर आला आहे. आपला सूर्य साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, म्हणजे ही सुगी ओसरू लागल्यावर जन्मला.

सुगी ओसरली का? या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा आपल्या महाराष्ट्रात सापडला, हे सांगताना आम्हांला विशेष आनंद होतो. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. नारायणगावहून जाताना शेतांच्या पलीकडे त्या उभ्या दिसतात.

अणुरूप हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी बाहेर टाकतो. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरवरून येणाऱ्या या लहरी ताणल्या जातात आणि येथे पोहोचेपर्यंत त्यांची लांबी दुप्पट झालेली असू शकते. त्या इतक्या क्षीण असतात की आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या एकट्या दीर्घिकेचा हायड्रोजन ऐकू येत नाही. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती योजली. त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक ठेवून त्यांची बेरीज केली. सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला एका मुलाचे पुटपुटणे ऐकू येत नाही, पण सर्व मुलांनी एका सुरात म्हटलेली वंदना फाटकापर्यंत पोहोचते, तसेच हे झाले. त्यांचा शोधनिबंध ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या अवघा महिनाभर आधी, ७ सप्टेंबर २०२० रोजी, प्रा. स्वरूप यांचे निधन झाले होते.

या निरीक्षणाचा निष्कर्ष आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या त्या दीर्घिकांत हायड्रोजन भरपूर होता, पण त्या इतक्या वेगाने तारे घडवीत होत्या, की तो साठा एक ते दोन अब्ज वर्षांतच संपावा. बाहेरून येणारी आवक त्या खर्चाला पुरी पडली असती, तर सुगी चालू राहिली असती. ती ओसरली, याचे संभाव्य कारण असे, की आवक तेवढ्या प्रमाणात झाली नाही. कोठी मोठी होती, पण भरणारे हात अपुरे पडले.

आवक का तुटते?

ही सर्वसाधारण उतरण झाली. पण काही दीर्घिकांत तारानिर्मिती केवळ मंदावली नाही, ती जवळजवळ पूर्ण थांबली. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. त्यांतील तीन प्रमुख कारणे येथे मांडतो.

पहिले कारण दीर्घिकेचे स्वतःचे मोठेपण. प्रत्येक दीर्घिका कृष्णद्रव्याच्या एका विशाल प्रभावळीत वसलेली असते. या प्रभावळीचे वजन सुमारे एक हजार अब्ज सूर्यांच्या पुढे गेले, की बाहेरून आत कोसळणारा वायू प्रचंड वेगाने आदळतो आणि लाखो अंशांपर्यंत तापतो. असा तापलेला वायू आत उतरून थंड होण्यास फार काळ घेतो. म्हणजे दाराशी धान्याच्या गाड्या उभ्या आहेत, पण धान्य शिजवण्याजोगे नाही. आकाशगंगेची प्रभावळ जवळपास याच मर्यादेवर आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

परंतु येथे एक अडचण उभी राहते. तापलेला वायू क्ष-किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकतो आणि पुरेसा काळ मिळाला तर थंड होतोच. मोठ्या दीर्घिकासमूहांच्या मध्यभागी तो थंड होऊन तेथे ताऱ्यांचा पूर यायला हवा होता. तसा तो आलेला दिसत नाही. कोणीतरी त्याखाली सतत जाळ ठेवीत असले पाहिजे.

हेच दुसरे कारण होय, आणि जाळ ठेवणारे म्हणजे दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवर. कृष्णविवरात पडू पाहणारे द्रव्य भोवऱ्यासारखे फिरताना तापते आणि त्यातील काही भाग प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास झोतांच्या रूपाने बाहेर फेकला जातो. थोर भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेली ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण १९९९ साली अवकाशात गेली. तिने ययाती तारकासमूहाच्या दिशेतील मोठ्या दीर्घिकासमूहाचे निरीक्षण केले, तेव्हा तेथील तप्त वायूत या झोतांनी फुगवलेले प्रचंड बुडबुडे आणि त्यांच्याभोवती पसरत जाणारे तरंग दिसले. कृष्णविवर असा भोवतालच्या वायूला थंड होऊ देत नाही. कन्या राशीतील एम ८७ ही दीर्घिकाही याच प्रकारची. तिच्या कृष्णविवराचे वजन साडेसहा अब्ज सूर्यांइतके असून त्याच्या सावलीचे चित्र एप्रिल २०१९ मध्ये जगाने पाहिले.

कृष्णविवर वायू तापवते, तसेच ते वायू बाहेरही लोटते. विश्वाचे वय सुमारे दोन अब्ज वर्षे असतानाची जीएस-१०५७८ ही एक मोठी, थांबलेली दीर्घिका जेम्स वेब दुर्बिणीने अभ्यासली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तिच्यातून थंड वायू सेकंदाला सुमारे एक हजार किलोमीटर वेगाने बाहेर पडताना आढळला. जो वायू तारे होऊ शकला असता, तोच घराबाहेर काढला जात होता.

तिसरे कारण शेजाराचे. दीर्घिका एकट्यानेही राहतात आणि शेकडोंच्या समूहातही. अशा समूहातील दीर्घिकांमधली जागा तप्त वायूने भरलेली असते. एखादी दीर्घिका बाहेरून या समूहात वेगाने शिरली, की समोरून वारा लागावा तसा हा वायू तिच्यावर आदळतो आणि तिचा स्वतःचा वायू मागे ओढून नेतो. सुमारे २२ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या ईएसओ १३७-००१ या दीर्घिकेमागे अशा वायूचे दोन लाखांहून अधिक प्रकाशवर्षे लांबीचे शेपूट निघालेले दिसते. हे झाले उघड ओरबाडणे. पण याहून मूक आणि संथ असा एक प्रकार आहे. समूहात शिरल्यावर दीर्घिकेच्या आतला वायू तसाच राहतो, केवळ बाहेरून येणारा वायू बंद होतो. मग ती आहे तेवढ्या साठ्यावर काही अब्ज वर्षे तारे घडवत राहते आणि हळूहळू थांबते.

हा संथ प्रकार १९८० साली रिचर्ड लार्सन, बिएट्रिस टिन्स्ली आणि नेल्सन काल्डवेल यांनी मांडला. टिन्स्लीबाईंविषयी आमच्या विद्यार्थिनींना आवर्जून सांगावेसे वाटते. त्यांचा जन्म १९४१ साली इंग्लंडमध्ये झाला आणि त्या न्यूझीलंडमध्ये वाढल्या. दीर्घिका काळानुसार बदलतात, त्यांतील ताऱ्यांचे वय वाढते तसा त्यांचा रंग व तेज बदलते, हा विचार त्यांनी अमेरिकेत केलेल्या आपल्या पीएच.डी.च्या कामात गणिताने मांडला. घर आणि मुले सांभाळीत, योग्य पदासाठी अनेक वर्षे झगडत त्यांनी संशोधन केले. १९७८ साली त्या येल विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि १९८१ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. दीर्घिकांचे आयुष्य मोजण्याची जी रीत आज जगभर वापरली जाते, तिचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांच्या कल्पनेचा पुरावा पुढे २०१५ साली मिळाला. पेंग, मायोलिनो आणि कॉक्रेन यांनी सुमारे २६,००० दीर्घिकांच्या ताऱ्यांतील जड मूलद्रव्यांचे प्रमाण तपासले. यामागील तर्क स्वयंपाकघरात उभे राहणाऱ्या कोणालाही पटेल. आमटी उकळत ठेवली आणि वरून पाणी घातले नाही, तर ती आटत जाते आणि अधिकाधिक खारट होते. भांडे एकदम उपडे केले, तर खारट व्हायला वेळच मिळत नाही. दीर्घिकेत तारे जड मूलद्रव्ये घडवतात आणि बाहेरून येणारा ताजा वायू त्यांचे प्रमाण सौम्य ठेवतो. थांबलेल्या दीर्घिकांचे तारे तारे घडवणाऱ्या दीर्घिकांच्या ताऱ्यांपेक्षा जड मूलद्रव्यांनी समृद्ध आढळले. याचा अर्थ, त्यांपैकी बहुतेकींचे भांडे उपडे झाले नव्हते, वरचे पाणी बंद झाले होते. असे थांबायला सरासरी चार अब्ज वर्षे लागली असावीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

इतक्या लवकर?

हे सर्व वाचून असे वाटेल, की थांबणे हे केवळ म्हाताऱ्या विश्वाचे लक्षण आहे. डिसेंबर २०२१ मध्ये अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने या समजाला धक्का दिला. जीएस-९२०९ ही दीर्घिका आपल्याला विश्वाचे वय सव्वा अब्ज वर्षे असतानाची दिसते. तिच्यात सुमारे चाळीस अब्ज सूर्यांच्या वजनाचे तारे आहेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या तोडीचेच. हे सर्व तारे सुमारे वीस कोटी वर्षांत घाईने घडले आणि विश्व केवळ ऐंशी कोटी वर्षांचे असतानाच तेथील तारानिर्मिती थांबली. तिच्या केंद्रात तिच्या मानाने फार मोठे कृष्णविवर आहे, त्यामुळे संशयाची सुई तिकडे वळते. इतक्या लवकर, इतक्या मोठ्या दीर्घिका कशा घडल्या आणि कशा थांबल्या, हा आजच्या खगोलशास्त्रापुढील जिवंत प्रश्न आहे.

त्याहून बोलके उदाहरण एका छोट्या दीर्घिकेचे आहे. विश्वाचे वय सत्तर कोटी वर्षे असतानाची ही दीर्घिका. तिच्यात तारे जन्मायचे नुकतेच, एक-दोन कोटी वर्षांपूर्वी, थांबलेले दिसतात. पण लहान दीर्घिकांत वायू बाहेर फेकला जातो आणि पुन्हा आत येतो. त्यामुळे ही दीर्घिका नंतर पुन्हा तारे घडवू लागली असण्याची शक्यता अभ्यासक मांडतात. सर्व विराम कायमचे नसतात.

म्हणूनच अशा दीर्घिकांसाठी वापरला जाणारा ‘मृत’ हा शब्द आम्ही वर्गात टाळायचे ठरवले आहे. ज्या दीर्घिकेत नवे तारे जन्मत नाहीत, तेथे जुने तारे अब्जावधी वर्षे प्रकाश देत राहतात. त्यांच्याभोवती ग्रह असू शकतात. बदल मात्र थांबत नाही, कारण नव्या पिढीविना ती दीर्घिका हळूहळू अधिक तांबडी, अधिक मंद होत जाते.

उत्तर, थोडक्यात

तो विद्यार्थी आता नववीत आहे. त्याला आम्ही एवढे सांगू. बाळ, तुझी शंका बरोबर होती आणि आमचे उत्तर अपुरे होते. वायू आजवर पुरला, कारण तो बाहेरून येत राहिला. दीर्घिका थांबते, ती ही आवक तुटल्यामुळे, आलेला वायू थंड होऊ न शकल्यामुळे किंवा आतला वायू बाहेर लोटला गेल्यामुळे. कोणत्या दीर्घिकेत यांपैकी कोणते कारण किती प्रबळ ठरले, हे शोधण्याचे काम अजून चालू आहे. त्यातील एखादा भाग तू करावास.

आपल्या शाळेत कार्यकारणभावाचा विचार मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडतो. प्रत्येक गोष्ट कारणांच्या आधाराने उभी राहते आणि ती कारणे ढळली की थांबते, हे आपल्याला परके नाही. मात्र आजचे खगोलशास्त्र प्राचीन वचनांत आधीच सांगितले होते, असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. वरील प्रत्येक निष्कर्ष माणसांनी दुर्बिणीशी रात्री जागून, मोजून, चुका दुरुस्त करून मिळवलेला आहे. धम्माने आपल्याला जे शिकवले ते एवढेच, की ऐकीव गोष्टीवर न थांबता कारण विचारावे. आमच्या वर्गातील एका मुलाने ते विचारले, याचे समाधान आम्हांला या संपूर्ण लेखापेक्षा मोठे वाटते.

आणि कोठीविषयी एक शब्द. या लेखासाठी हिशेब करताना आम्ही आपल्या खऱ्या कोठीपुढेही उभे राहिलो. सुगीनंतर पायली-दोन पायली धान्य घेऊन येणारे पालक, पहिल्या पगारातून तांदळाचे पोते पाठवणारे माजी विद्यार्थी, वर्षावासात दान आणणाऱ्या गावोगावच्या उपासिका, यांची नावे तेथील वहीत आहेत. शाळा आजवर पुरली कशी, याचे उत्तर त्या वहीत आहे.

शेवटी एक विनंती. पुढील माजी विद्यार्थी मेळाव्याला मुलांना घेऊन मुक्कामी या. हिवाळ्यात आलात तर मृगातील तेजोमेघ दाखवू, जेथे आज तारे जन्मत आहेत. एप्रिलमध्ये आलात तर दुर्बीण कन्या राशीकडे वळवू आणि साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूरचा एम ८७ चा अंधुक ठिपका दाखवू, जेथे ताऱ्यांचा जन्म फार पूर्वीच थांबला आहे. मुलांना प्रश्न विचारू द्या. अभ्यासाची घंटा त्या रात्री आम्ही थोडी उशिरा देऊ.